चौथ्या थरातली पिशवी

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही... मी सव्वीस वर्षं नर्स होते. शवागाराची किल्ली चुकून माझ्या पर्समध्ये राहून कितीदा तरी घरी आली आहे. माणूस मेला की मेला, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. आमचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती, रविवारी चर्चला जाणारं. पण भुतांचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही आणि निघाला असता तर मी उठून भांडी घासायला गेले असते. म्हणून पुढचं सगळं केसपेपरसारखं लिहिते. काय दिसलं, काय तपासलं, एवढंच. निदान तुम्ही करा. मला जमलेलं नाही.

गेल्याच्या मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. गुडघ्यांमुळे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि घरी बसून महिन्याभरात वैतागले. नगरला दर रविवारी पुरातत्त्वाचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स चालतो असं कळलं आणि नाव घातलं. नवरा म्हणाला, "जन्मभर जिवंत माणसांना सुया टोचल्यास, आता मेलेल्यांना टोच."

कोर्समधली पहिलीच शिकवण सोपी होती. जमिनीत थर असतात. खाली जुनं, वर नवं. डब्यात पोळ्या रचतो तसं, आधी लाटलेली तळाला. यात भानगड एकच, ती म्हणजे खड्डा. कोणी वरून खणून खाली काही पुरलं, की नवी वस्तू जाऊन जुन्या थरात बसते. म्हणून खड्ड्याचं वय त्याच्या तळावरून ठरवायचं नाही, तोंडावरून ठरवायचं. तोंड कुठल्या थरात उघडतं ते बघायचं. आमचे कुलथे सर हे दर रविवारी एकदा तरी म्हणायचे. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी नेमकी हीच चूक केली.

कोर्सच्या शेवटी प्रत्यक्ष उत्खननावर काम करावं लागतं. नेवासे तालुक्यात प्रवरेच्या काठी एक टेकाड आहे. गावाचं नाव देत नाही. लोक त्याला पांढरी म्हणतात. हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीची राखट माती. गावानं पिढ्यानपिढ्या ती उकरून शेतात टाकली, धाब्याच्या घरांच्या मातीच्या छपरांवर घातली. अर्धं टेकाड असंच संपलंय. उरलेल्या अर्ध्यावर सरांनी पाच-पाच मीटरचे चौकोन आखले होते. सी-दोन नंबरचा चौकोन माझ्या ताब्यात होता. म्हणजे रजिस्टर माझ्याकडे, मोजमापं माझी, प्रत्येक पिशवीवरचं लेबल माझ्या हातचं.

मजूर बायका दोन. हौसाबाई तोंडानं जबर, सखूबाई हातानं. सखूबाई पन्नाशी ओलांडलेली, काटक, कमी बोलणारी. तिचा तिसरा हंगाम होता. खुरप्याच्या टोकाला काय लागलं, खापर की हाड की नुसता खडा, हे ती न बघता सांगायची आणि चुकायची नाही.

एका दुपारी शेजारच्या चौकोनात एक लहान मूल निघालं. त्या काळच्या घराच्या जमिनीखाली, दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत तान्ह्याची हाडं. अशी दफनं या भागात पूर्वीही सापडली आहेत. सर सगळ्यांना जमवून समजावून सांगत होते की मोठी माणसं पुरताना हे लोक घोट्याखाली पाय तोडून टाकायचे. मेलेला माणूस उठून कुठे जाऊ नये, इथेच राहावा, म्हणून असेल असा एक तर्क आहे.

"आन् लेकरांचं?" हौसाबाईनं विचारलं.

"लेकरांचे नाही तोडायचे."

"मंग लेकरू निघून गेलं म्हंजे?"

"अगं, त्याला चालता कुटं येतं," सखूबाई म्हणाली.

बायका हसल्या, सरही हसले. सखूबाई हसली नाही. तिनं घमेलं उचललं आणि ती कामाला लागली.

दोन दिवसांनी माझ्या चौकोनात आम्ही चौथ्या थरावर पोचलो होतो. चौथा थर म्हणजे तीन हजार वर्षांच्या आसपासचा. संध्याकाळच्या आत तळ साफ करून फोटो काढायचा होता आणि मी घाईत होते. कोपऱ्यात बसलेली सखूबाई म्हणाली, "शिस्टर, हितली माती मोकळी लागती."

"उंदराचं बीळ असेल. चालू दे."

"बिळाची न्हाई लागत. रुंद हाय."

"सखूबाई, ऊन उतरायला लागलंय. चालू दे."

तिनं खुरपं बाजूला ठेवलं आणि हातानं माती काढायला लागली. थोड्या वेळानं हाडं दिसली. रांजण नाही, भांडं नाही, नुसती हाडं. बरगड्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या, कवटीचे पातळ तुकडे. लेबर रूममध्ये आयुष्य गेलंय. महिन्याच्या आतलं मूल आहे हे मला सरांच्या आधी कळलं. खोली मोजली, चित्र काढलं, हाडं पिशवीत भरली आणि लेबलावर लिहिलं — सी-दोन, थर चार. ओली माती सुकली की नव्या-जुन्या खड्ड्याची कड दिसत नाही, भिंतीवर पाणी मारून बघावं लागतं, हे मला माहीत होतं. पाण्याचा पंप दहा पावलांवर होता. मी उठले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मांडवाखाली बसून सापडलेल्या वस्तू ब्रशनं साफ करत होतो. थंडी मी म्हणत होती, सगळ्यांच्या अंगावर स्वेटर. सखूबाईच्या पोलक्याला समोर दोन ओले डाग होते. तिनं पदर ओढून घेतला. मी बघितलं नाही असं दाखवलं. या वयात स्तनातून काही येत असेल तर पहिला विचार कॅन्सरचाच करायचा.

जेवणाच्या सुट्टीत तिला सामानाच्या खोलीत नेलं.

"कधीपासून येतंय?"

"काय?"

"सखूबाई, मी नर्स आहे. पदर बाजूला कर."

तपासलं. गाठ नाही, रक्त नाही, दुखत नाही. दोन्ही बाजूंनी दूध. बाळंतिणीला यावं तसं दूध. पाळी जाऊन तिला सहा वर्षं झाली होती. धाकटा मुलगा सत्तावीस वर्षांचा.

"घरीही येतं?"

"न्हाई. हितं आल्यावरच. मांडवात बसलं की."

"काही गोळ्या घेतेस? पित्ताच्या, झोपेच्या? झाडपाला?"

"काय न्हाई." मग दाराकडे एकदा बघून म्हणाली, "शिस्टर, तुमी कुनाला बोलनार न्हाई ना?"

तिचं पहिलं मूल अकरा दिवसांचं होऊन गेलं होतं. मुलगी. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. सासूनं कपड्यात गुंडाळून नेलं आणि पांढरीवर पुरलं. कुठे, ते सांगितलं नाही. बाळंतिणीला जागा दाखवायची नाही, ती तिथे जाऊन बसते आणि मग पुढची कूस भरत नाही, अशी त्यांच्या घरातली रीत. पुढे दोन मुलगे झाले. सासू मरायला टेकली तेव्हा सखूबाईनं पुन्हा विचारलं. सासू म्हणाली, "दोन हायेत ना तुला? मंग?" आणि गेली.

"म्हणून तू इथे कामाला येतेस?"

"व्हय. तुमचं लोक आज ना उद्या सगळी पांढरी खननार. कुनाच्या तरी टिकावाखाली जाण्यापरीस माझ्या हातानं निघालेलं बरं." मग माझा हात धरून म्हणाली, "सापडली तर मला सांगा, शिस्टर. नंबर टाकून नगा नेऊ तिला."

मी तिला सांगितलं की पस्तीसेक वर्षांपूर्वीचं तान्ह्याचं हाड एवढ्या मोठ्या टेकाडात सापडणं अवघड आहे, आणि तिनं आधी रक्त तपासून घ्यावं. दुसऱ्या दिवशी मीच तिला तालुक्याला घेऊन गेले. रक्ताचे रिपोर्ट नगरहून आले, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. दूध आणणारं हार्मोनसुद्धा वाढलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, होतं एखाद्या केसमध्ये, लक्ष ठेवा. डॉक्टरांना कळलं नाही की ते असं म्हणतात, हे मी सव्वीस वर्षं ऐकत आले आहे.

मग मी माझ्या पद्धतीनं शोधायचं ठरवलं. मांडवातच येतं, तर मांडवातल्या कशानं तरी येत असणार. हाडं घट्ट करायला आम्ही एक द्रावण लावायचो, माझा संशय त्याच्या वासावर होता. सखूबाईला तेवढंच सांगितलं. सारखे दिसणारे चार पुठ्ठ्याचे खोके घेतले. एकात खापरं, एकात शेळीची हाडं, एकात रांजणातलं मूल, एकात आमच्या चौकोनातलं. चारही पिशव्यांवर द्रावण लावलेला बोळा ठेवला, म्हणजे वास सारखाच. झाकणं चिकटपट्टीनं बंद. तळाला चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मग पाठ फिरवून मी खोके मला स्वतःलाच ओळखू येणार नाहीत असे सरकवले. सखूबाईनं एकेक खोका शेजारी घेऊन अर्धा तास खापरं धुवायची, आणि प्रत्येक वेळी पोलक्यात कोरडा रुमाल.

हौसाबाईला हा प्रकार बघून राहवेना. "शिस्टर, सखीला अंड्यावर बसिवलंय का काय?"

"तू तुझी खापरं धू."

"धुती की. पन पिल्लं निगाली तर एक मला द्या."

तीन रुमाल कोरडे निघाले. एक ओला. चिठ्ठी बघितली... सी-दोन, थर चार.

दुसऱ्या दिवशी खोके पुन्हा मिसळले. तोच. तिसऱ्या दिवशी सगळं बदललं, नवे खोके, नवा क्रम, जागा मांडवाबाहेर. तोच. चारातून एक, लागोपाठ तीनदा. सखूबाईला मी काही सांगितलं नाही, पण तिनं तिसऱ्या दिवशी त्या खोक्यावर हात ठेवला आणि मी नेईपर्यंत काढला नाही.

तिला दूध का येतं याचं उत्तर मला मिळालं नव्हतं. पण माझं लेबल चुकलं असेल का, हे तपासता येण्यासारखं होतं. मी बादली घेऊन एकटी सी-दोनमध्ये उतरले. कोपऱ्यातली भिंत खरवडली, तिच्यावर पाणी शिंपडलं आणि थांबले. पाणी मुरलं तशी कड वर आली. चौथ्या थरातून सरळ वर, तिसरा, दुसरा, पहिला कापत थेट गवताच्या मुळांपर्यंत. खड्ड्याचं तोंड वरच्या वीतभर मातीत उघडत होतं. खड्डा जुना नव्हताच. माझ्या-तुमच्या काळातला होता. आणि त्याच्या भरावात, भिंतीतच अडकलेली एक गंजलेली सेफ्टी पिन होती.

मी तिथेच पालथ्या बादलीवर बसले. सखूबाईनं मला सांगितलं होतं, माती मोकळी आहे म्हणून. दोनदा सांगितलं होतं. आणि मी तिच्या डोळ्यांसमोर पिशवीवर नंबर टाकला होता.

सरांना बोलावून भिंत दाखवली. दुधाचं सांगितलं नाही. सखूबाईच्या मुलीचं सांगितलं. त्यांनी कडेवरून खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाई, हे अर्वाचीन आहे. आपल्या कामाचं नाही. पण रजिस्टरमध्ये चढलंय. आणि मानवी हाडं आहेत म्हणजे नियमानं पोलिसांना कळवायला हवं. एकदा कळवलं की ती पिशवी कुठल्या कपाटात जाईल, मी सांगू शकत नाही."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर मी आत्ता चहा प्यायला जातो," सर म्हणाले आणि गेले.

मी रजिस्टर काढलं. नोंदीवर आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं — 'खड्डा अर्वाचीन, नोंद रद्द', सही केली. आयुष्यात कागदावर खाडाखोड केली ती एवढीच.

मग सखूबाईला सामानाच्या खोलीत बोलावलं. मी पिशवी पुढे केली, तिनं दोन्ही हातांनी घेतली, लेबल काढून मला परत दिलं. भर दुपारी तिच्या रानात, उसाच्या बांधाजवळ आम्ही दोघींनी खड्डा केला. माझ्या गुडघ्यांमुळे निम्म्याहून जास्त तिनंच खणला. तिनं पदराचा तुकडा फाडून त्यात हाडं गुंडाळली. रडली नाही. माती लोटताना एकदाच म्हणाली, "नाव सुदिक ठिवलं नव्हतं. बाराव्याला ठिवनार हुतो."

मला प्रार्थना करावीशी वाटली, पण तिच्या रानात आपली प्रार्थना कशी म्हणायची, म्हणून मनातच म्हटली.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. पिशवीत एक बरगडी कमी होती. वय काढण्यासाठी दोन्ही मुलांच्या हाडांचे नमुने आदल्याच आठवड्यात प्रयोगशाळेकडे गेले होते. परत मागवले असते तर कारण द्यावं लागलं असतं. एवढीशी बरगडी, मी सोडून दिली.

दूध त्या दिवशी थांबलं. हंगाम संपेपर्यंत मी रोज विचारत होते. "आटलं, शिस्टर," ती म्हणायची. पुढे उन्हाळ्यात घोडेगावच्या बाजारात ती आणि तिचा थोरला गाय बघायला आलेले भेटले. अंगावर थोडं मांस चढलं होतं, आणि तिला पहिल्यांदाच मोठ्यानं बोलताना ऐकलं. मुलाला म्हणत होती, "आचळं बघ आदी, शिंगं काय बघतूस!" मला म्हणाली, आता रात्रीची झोप लागते. बांधावर शेवग्याचं झाड लावलंय.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. माणसाच्या शरीराला कधी कधी आपल्या आधी कळतं, असं म्हणून गप्प बसले असते.

गणपतीच्या सुमारास कुलथे सरांचा फोन आला. नमुन्यांचे अहवाल आले होते. रांजणातलं मूल तीन हजार वर्षांपूर्वीचं, अपेक्षेप्रमाणे.

"आणि दुसरं?"

"दुसरं पण."

मी म्हटलं, नमुने बदलले असतील. ते म्हणाले, "पाकिटं तुम्हीच सील केली होती, बाई. सही तुमची आहे. मी पुन्हा तपासायला सांगितलं. त्याच बरगडीच्या दुसऱ्या तुकड्याचंही तेच आलं."

त्यानंतर मी सगळ्या शक्यता मांडून बघितल्या. सासूनं मुलीसाठी खड्डा खणताना खालचं जुनं दफन फुटलं असेल, दोन्ही मुलांची हाडं मिसळली असतील. मग हाडं जास्त भरायला हवी होती. मी मोजली होती, एकाच मुलाची होती. जुनं दफन फुटलं तर रांजणाची खापरं हवीत, एकही नव्हतं. कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी तिथे खड्डा केला, आणि मूल आधीपासून तिथेच होतं? असेल. सेफ्टी पिन कोणाचीही असू शकते. हे सगळं मी मान्य करते. पण मग त्या बाईला दूध कोणासाठी आलं? आणि तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या कोणा दुसरीच्या लेकरासाठी आलं असेल, तर ते पुरल्यावर थांबलं का? रांजणातलंही तान्हंच होतं. त्याच्या खोक्याशेजारी रुमाल तिन्ही वेळा कोरडा होता.

सरांना विचारून उपयोग नाही. त्यांना तर अर्धाच प्रश्न माहीत आहे.

सखूबाईला मी अहवालाचं सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तिच्या हिशोबानं तिची मुलगी बांधावर आहे. ती आता उत्खननावर येत नाही. काम झालं म्हणते. पण अहवाल खरा असेल तर तिची अकरा दिवसांची मुलगी अजून पांढरीतच कुठेतरी आहे. या थंडीत सर सी-दोनच्या पलीकडचा चौकोन उघडणार आहेत. रजिस्टरला माणूस हवाय म्हणून फोन आला, तेव्हा गुडघ्यांचं कारण सांगता आलं असतं. मी हो म्हटलं. सरांना एकच अट घातली — भिंतींवर पाणी मारल्याशिवाय त्या चौकोनातल्या कुठल्याही पिशवीवर नंबर पडणार नाही, आणि हाडं मी स्वतः काढणार.